डाव्या बॅकचा गुडघा

मी एके काळी फुटबॉल खेळायचो, हे आज माझी चाल बघून कुणाला खरं वाटत नाही. डावा पाय मी टाकत नाही, ओढतो. लग्नकार्यात नवी माणसं विचारतात, लहानपणी कुठं पडला होतात का? मी हो म्हणतो. खरं सांगायला बसलं तर ते माझ्यापाशी थांबत नाही, घरातल्या माणसांपर्यंत जातं. आता ती माणसं थकली, मीही थकलो, म्हणून सांगतो.

आमचं गाव कडावच्या अलीकडे. घरची भातशेती. कर्जतला रेल्वेत नोकरीला आलेली माणसं स्टेशनापलीकडच्या मैदानात फुटबॉल खेळायची, त्यांचं बघून तो खेळ आमच्याकडे आला. कापणी झाली की खाचरं मोकळी पडायची. त्यातलं सगळ्यांत मोठं खाचर धरून आम्ही अनवाणी खेळायचो. धसकटांनी घोटे सोलून निघायचे. बाकी सगळ्यांना पुढं जाऊन गोल मारायचा असायचा. मला मात्र धावत येणाऱ्याच्या पायातून बॉल काढून घेण्यात मजा वाटायची. तो दोन पावलं तसाच पुढं जायचा आणि मग त्याला कळायचं की बॉल आपल्याकडे नाही. ते त्याचं तोंड बघायला मी खेळायचो म्हटलं तरी चालेल.

पोशीरच्या जत्रेत सामने भरायचे. तिथं मला खोपोलीच्या एका कारखान्याच्या टीमच्या कॅप्टननं पाहिलं. हा माणूस चौकचा, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा. कारखान्यात बॉयलरवर कामाला आणि मैदानात सेंटर हाफ. अंगानं आडवा, आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहिलं तरी कानाशी बोलतोय असं वाटावं. सामना संपल्यावर तो माझ्याशी बोललाच नाही. दुसऱ्या दिवशी सरळ आमच्या खळ्यावर येऊन माझ्या बापाशी बोलला. पोरगा कारखान्यात चिकटवतो, टीममध्ये घेतो, लावणीला रजा मिळवून देतो, असं म्हणाला. बाप माझा कधी कुणाला चटकन हो म्हणणारा नव्हता. त्यानं त्या माणसाला चहा पाजला, झोडणी थांबवून तासभर इकडचं तिकडचं विचारलं आणि मग मला म्हणाला, "जा. माणूस खरा वाटतो."

मी त्याला दादा म्हणायला लागलो. सगळेच म्हणायचे, पण माझं म्हणणं वेगळं होतं. मला सख्खा थोरला भाऊ नव्हता. कारखान्याच्या चाळीत मला खोली मिळेपर्यंत मी चौकला त्याच्याच घरी राहिलो. त्याची आई मला आणि त्याला एकाच ताटलीत भाकरी वाढायची. त्याची धाकटी बहीण तेव्हा परकर-पोलक्यात होती. ती आमचे चिखलाचे मोजे धुवायची आणि आम्ही हरून आलो की बोलायची नाही.

बूट घालून खेळायला मला त्यानंच शिकवलं. पहिले काही दिवस बूट पायात असला की मला बॉल कळेना. तो रोज पाळी संपल्यावर मला मैदानात घेऊन जायचा. घाटाखाली ते मैदान, वर डोंगरावरून वीजघराच्या जाड पाइपा उतरलेल्या. तो बॉल घेऊन माझ्या अंगावर यायचा आणि मी चुकलो की पुन्हा. समोरच्याच्या पायाकडं बघू नको, कमरेकडं बघ, असं तो सांगायचा. पाय फसवतात, कंबर जिकडं वळते तिकडंच माणूस जातो.

टीममध्ये मी डावा बॅक, म्हणजे आपल्या गोलच्या डाव्या अंगाला राहून अडवणारा. बॅकच्या खेळाचं एक आहे. पुढं खेळणाऱ्याला सगळं मैदान समोर असतं. डाव्या बॅकला मात्र समोरून कडेनं धावत येणारा विंगर बघायचा असतो, तेव्हा आपल्या पाठीमागून कोण येतंय ते दिसत नाही. ते दुसऱ्यानं सांगावं लागतं. मला ते दादा सांगायचा. "जा" म्हणाला की मी अंगावर जायचो, "थांब" म्हणाला की थांबायचो, "सोड" म्हणाला की समोरून माणूस निघून जात असला तरी सोडून द्यायचो, कारण मागं तो उभा असायचा. मी डोळ्यांनी खेळायचोच नाही, त्याच्या आवाजावर खेळायचो. असा मी चार-पाच हंगाम खेळलो. पेण, पनवेल, कल्याण, लोणावळा, सगळीकडं आमची टीम गेली. आमच्यावर गोल करणं अवघड, असं लोक बोलायला लागले. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचा माणूस एकदा मुद्दाम येऊन बसला आणि सामन्यानंतर मला म्हणाला, पाऊस संपला की ये, आमच्या साहेबांना दाखवतो. मी हे दादाला सांगितलं. तो म्हणाला, जा की, तुला कोण अडवतंय. आधी आपला कप आणू या.

तो कप कारखान्याच्या थोरल्या साहेबाला हवा होता. रायगड आणि ठाण्याकडच्या कारखान्यांच्या टीम त्यात असायच्या आणि आमचा कारखाना तोवर एकदाही जिंकला नव्हता. त्या वर्षी आम्ही शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो. पण त्याच्या आधीच्या सामन्यात मी एका विंगरला अडवायला वळलो आणि पाय जमिनीत रुतून राहिला. अंग वळलं, गुडघा वळला नाही. सामना कसाबसा संपवला. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला.

दादानं मला दुसऱ्या दिवशी गाडीनं कर्जतला नेलं. तिथं एक जुने डॉक्टर होते, हाडांतलं त्यांना चांगलं समजतं अशी ख्याती होती. बाजाराच्या मागं त्यांचा दवाखाना. त्यांनी गुडघा दाबला, वाकवला, बाजूला फिरवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते मला काही न बोलता उठले आणि दादाला आतल्या खोलीत बोलावून घेतलं. त्या काळी असंच असायचं. पेशंटबरोबर जो मोठा माणूस आला असेल त्याला सांगायचं, मग तो घरी नेऊन सांगेल. मी बाकावर बसून राहिलो. बराच वेळ आतून डॉक्टरांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते.

दादा बाहेर आला. माझ्या काखेत हात घालून मला उठवलं. मी विचारलं, काय म्हणाले?

"काय नाय रं," तो म्हणाला. "शीर आखडलीय. शेकायचं, पट्टी बांधायची. रविवारी खेळशील तू."

मी खेळलो. दादानं स्वतः माझ्या गुडघ्याला पट्टी बांधली, इतकी घट्ट की पोटरी काळी पडली. पहिला अर्धा वेळ निभावला. दुसऱ्या अर्ध्यात त्यांचा उजव्या बाजूचा विंगर बॉल घेऊन निघाला, मागून आवाज आला, "जा." मी गेलो. बॉल मी काढला, ते मला अजून आठवतं. बॉल बाहेर गेला आणि मी खाली पडलो. पडताना गुडघ्याच्या आत काडी मोडल्यासारखं काहीतरी झालं. बदली खेळाडू घेता येत नसे. दादा धावत आला, मला उभं केलं आणि म्हणाला, खांबाजवळ नुसता उभा राहा, बाकी मी बघतो. मी एका पायावर खांब धरून उभा राहिलो. आम्ही एका गोलनं जिंकलो. कप टेंपोत ठेवून खोपोलीभर मिरवणूक निघाली. मी कारखान्याच्या जीपमध्ये आडवा होतो, ताशांचा आवाज तेवढा ऐकला.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात मला नेलं, पाय उघडला, शिवला, महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये ठेवला. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं की चालशील, पण खेळ विसर. माझं तेव्हा पुरतं पंचवीसही वय नव्हतं. पाऊस आला आणि संपला. मुंबईच्या त्या कंपनीचा माणूस पुन्हा दिसला नाही, आणि मीही कुणाकडून चौकशी केली नाही.

आता जे सांगतो ते मला त्या वेळी देवासारखं वाटलं होतं. दादाला साहेबानं बॉयलरवरून काढून ऑफिसात घेतलं, टीम कायमची त्याच्या हाती दिली. तिथं गेल्यावर त्यानं पहिलं काम माझं केलं. मला स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळवून दिलं. आणि पुढच्या वर्षी तो आमच्या घरी आला, माझ्या बापासमोर बसला आणि म्हणाला, माझी बहीण तुमच्या पोराला देतो. लंगड्या पोराला कोण मुलगी देणार, या काळजीनं आई वाळून गेली होती. सगळ्या गावात बोलणं झालं की दोस्ती असावी तर अशी. लग्नात मी दादाच्या पाया पडलो. पडताना गुडघा वाकेना, त्यानंच मला वर उचललं.

त्यानंतर मी कुणापुढंही त्याचं नाव काढलं की आधी हात जोडायचो. टीममधला आमचा गोलकीपर एकदा कँटीनमध्ये म्हणाला, तुझ्या पायावर तो ऑफिसात बसला. मी त्याच्याशी वर्षभर बोललो नाही.

लग्नानंतर आम्ही गावच्या घरीच राहिलो. आम्हाला एक मुलगी झाली. ती सात-आठ वर्षांची असताना आंब्यावरून पडली आणि मनगट सुजलं. बायको म्हणाली कर्जतला नेऊ. त्याच जुन्या डॉक्टरांचा दवाखाना अजून चालू होता. केस पांढरे झाले होते, पण नजर तीच. मुलीचा हात बघून झाला, लाकडाची पट्टी बांधून झाली. मी तिला उचलायला पुढं झालो, तेव्हा माझी चाल त्यांनी पाहिली. त्यांनी मला थांबवलं, खुर्चीत बसवलं, धोतराचा सोगा वर करायला लावला आणि गुडघ्यावर हात ठेवला.

"तू तो फुटबॉलवाला ना? खोपोलीचा?"

मी हो म्हणालो.

त्यांना राग आला. म्हणाले, "मी स्पष्ट सांगितलं होतं, आतली गादी फाटली आहे, पाय टेकवू नका. चार-सहा महिने झोपून काढले असतेस तर पुन्हा खेळला असतास. तुम्ही लोक ऐकत कसे नाही?"

मी म्हणालो, मला कुणी सांगितलं नाही.

"तुझ्याबरोबर तुमचा कॅप्टन होता. त्याला मी इथं बसवून चित्र काढून समजावलं. तो मला म्हणाला, सांगतो त्याला."

माझी बायको मुलीला घेऊन दारात उभी होती. डॉक्टरांना ठाऊक नव्हतं की ते तिच्या भावाबद्दल बोलताहेत. तिनं पदर तोंडाला लावला नाही, काही नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली. डॉक्टर आमच्याकडं आळीपाळीनं बघू लागले, मग त्यांनाही काहीतरी उमगलं आणि ते हात धुवायला आत गेले.

एसटीत मुलगी आमच्या दोघांच्या मध्ये झोपली होती. खिडकीतून मी शेतं बघत होतो आणि माझ्या डोक्यात दुखणं नव्हतं, गुडघा नव्हता, मुंबईसुद्धा नव्हती. मी एकेक करून ते सगळे दिवस आठवत होतो ज्या दिवशी मी त्या माणसाचे आभार मानले होते. स्टोअरच्या स्टुलावर पहिल्यांदा बसलो तो दिवस, लग्नाचा दिवस, मुलीच्या बारशाला तो चांदीचे वाळे घेऊन आला तो दिवस. प्रत्येक वेळी त्याला माहीत होतं. मी हात जोडत होतो आणि समोर उभ्या असलेल्या त्याला माहीत होतं.

घरी आल्यावर तिनं मुलीला निजवलं, ओटीवर येऊन बसली आणि विचारलं, "तुमाला ठावं होतं?"

"नाही."

"मला बी नव्हतं." मग ती म्हणाली, "जाऊन विचारा त्याला. मी नाय येणार."

रविवारी मी चौकला गेलो. दादा अंगणात बाजेवर बसून ट्रान्झिस्टर दुरुस्त करत होता. सासूबाई आत होत्या. मला बघून त्याला आनंद झाला, भाचीचा हात कसा आहे विचारलं. मी उभाच राहिलो. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो नाही म्हणेल, डॉक्टर म्हातारा झालाय म्हणेल. त्यानं हातातला पेचकस खाली ठेवला.

"सांगितलं असतं तर तू बसला असतास का?" त्यानं विचारलं.

"ते मी ठरवलं असतं."

"तू खेळलाच असतास. मला ठावा हाय तू."

"मग सांगायचं होतं," मी म्हणालो. "खेळलो असतो तर माझा मी खेळलो असतो."

हमरस्त्यावरून ट्रक जात होते, त्यांचा आवाज आमच्यामध्ये येत-जात होता. मग तो खाली बघून म्हणाला की साहेबानं त्याला निरोप धाडला होता, कप आला तर ऑफिस, नाही तर नवा कॅप्टन. त्याचं वय झालं होतं, बॉयलरच्या धगीनं छाती भरून यायची, तो त्याचा शेवटचा हंगाम होता. मी नसतो तर डावी बाजू उघडी पडली असती. एक सामना निभेल असं त्याला वाटलं. हे त्यानं अगदी सरळ सांगितलं, रडला नाही, पाया पडला नाही. आणि मग असं काहीतरी बोलला की ते बोलला नसता तर कदाचित मी काही वर्षांनी विसरलोही असतो.

"म्हणून तर तिला दिली तुला. माझ्या घरात तिच्यापरीस चांगलं काय नव्हतं."

मी वळलो आणि निघालो. सासूबाई चहा घेऊन दारात आल्या होत्या, त्यांनी हाक मारली. मी थांबलो नाही.

घरी बायकोनं विचारलं, काय म्हणाला. मी काहीतरी गाळून सांगू शकलो असतो. पण एवढं सगळं गाळल्यामुळंच झालं होतं, म्हणून मी तिला शब्दन्‌शब्द सांगितला. ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"म्हंजे मी गुडघ्याला बांधलेली पट्टी," ती म्हणाली.

मी म्हणालो, तसं नाही. ती म्हणाली, "तसंच हाय. तुमाला न विचारता खेळवलं, मला न विचारता दिली. तुमाला निदान कप तरी मिळाला."

मग तिनं मला एक गोष्ट सांगितली, जी मला एवढ्या वर्षांत ठाऊक नव्हती. पळसदरीकडच्या एका शाळेत तिला शिकवायला जायचं होतं. सातवी पास होती, तिच्या बाईंनी पुढं ट्रेनिंगला पाठवायचं ठरवलं होतं. त्याच महिन्यात भावानं घरी येऊन सांगितलं की तुझं लग्न ठरलं. तिनं आईला विचारलं, मला का? आई म्हणाली, दादाच्या मनात आहे, त्यानं तुझ्यासाठी कमी का केलंय. हे सांगताना ती माझ्यावर रागावली नव्हती. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आमच्या संसारात मीही न विचारता आलोय आणि तीही, आणि ज्यानं आणलं तो तिकडं बाजेवर बसून ट्रान्झिस्टर दुरुस्त करतोय.

त्या भाऊबीजेला ती माहेरी गेली नाही. सासूबाईंनी माणूस पाठवला, ती गेली नाही. पुढच्या वर्षीही नाही. कारखान्यात मी दादाला रोज बघायचो. तो ऑफिसच्या जिन्यावरून उतरायचा, मी स्टोअरच्या खिडकीत असायचो. तो मान हलवायचा, मी पावतीकडं बघायचो. लोकांना कळलं की काहीतरी बिनसलंय, पण काय ते आम्ही तिघांनीही कुणाला सांगितलं नाही. गोलकीपरशी मी बोलायला लागलो. त्यानं काही विचारलं नाही, विडी पुढं केली.

ऐंशी सालानंतर मुलीचं लग्न ठरलं. ठरलं म्हणताना मी अजून जपून म्हणतो, कारण ते आमच्या घरात वेगळ्या तऱ्हेनं ठरलं. स्थळ बदलापूरचं होतं. मुलगा येऊन गेल्यावर बायकोनं मुलीला शेजारी बसवलं आणि विचारलं, तुला पसंत आहे का. मुलगी लाजून म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. बायको म्हणाली, आमी नाय म्हणणार. तू म्हण. मुलीनं दोन दिवस घेतले आणि हो म्हणाली.

मग मामाचा प्रश्न आला. मुलीला मांडवात मामा आणतो, दुसऱ्या कुणी आणलेली चालत नाही असं नाही, पण लोक बघतात. तोवर मुलीला एवढंच ठाऊक होतं की मामाकडं जाणं-येणं नाही. बायकोनं तिला सगळं सांगितलं, मी तिथंच बसलो होतो. माझ्या गुडघ्याचं सांगितलं, ट्रेनिंगचं सांगितलं. आणि म्हणाली, आता तुला कोण आणणार ते तूच सांग. मुलगी म्हणाली, मामाला बोलवा, पण आईनं बोलवायला जायचं नाही, मी जाते. ती एकटी चौकला गेली. तिथं काय बोलणं झालं ते तिनं आम्हाला कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

लग्नाच्या दिवशी तो सकाळीच आला. केस गेले होते, तो आडवा देह उतरला होता. बायकोनं त्याला पाट दिला, पाणी दिलं. तो तिच्याकडं बघून म्हणाला, "तुला विचाराया पायजे होतं."

"व्हय," ती म्हणाली आणि कामाला गेली.

मला तो काही म्हणाला नाही. मी वाट बघत होतो का? होतो. मांडवात तो मुलीला घेऊन आला, अंतरपाट धरला, अक्षता पडल्या, सगळं रीतसर झालं. जेवणावळीत मी वाढत वाढत त्याच्या पंक्तीला आलो. त्यानं पत्रावळीवर हात आडवा धरला, पोट भरलं म्हणाला. मी पुढच्या माणसाला वाढलं.

दुपार कलल्यावर तो निघाला. जाताना माझ्याजवळ येऊन म्हणाला, पुढच्या रविवारी खोपोलीला सामना आहे, नवी पोरं चांगली खेळतात, येतोस का बघायला. त्याच्या आवाजात ते जुनं काहीतरी होतं, कानाशी बोलल्यासारखं. मी म्हणालो, भाड्यानं आणलेली भांडी परत द्यायची आहेत. भांडी त्याच्या आधीच, सोमवारी जाणार होती, हे त्यालाही समजलं असेल. तो मान हलवून कडावच्या स्टँडकडं चालू लागला.

बायको मागच्या दारी पातेली घासत बसली होती. तिनं विचारलं, "गेला का?"

मी म्हणालो, गेला. आणि मी मांडवाचे बांबू सोडायला घेतले.